व्यायामाचें सातत्य कसें टिकेल ?

शाळेंत कवायतीचा तास आला, कीं शिट्टी वाजते आणि मुलें रांगेंत उभीं राहतात. आज कोणास उत्साह आहे व कोणास नाहीं, हें शिट्टी विचारीत नाहीं. म्हणूनच कवायत होते. परंतु शाळा सोडून गेलेले विद्यार्थी भेटतात, तेव्हां त्यांपैकीं पुष्कळांचा व्यायाम शाळेबरोबरच सुटलेला आढळतो. अंधेरीस किंवा घाटकोपरास सकाळीं गाडी धरावयाची व रात्रीं थकून परतावयाचें. व्यायामास वेळ कोठें, असें ते म्हणतात. आम्हांस वाटतें, शिट्टी वाजविणारा आतां कोणी उरला नाहीं, हें खरें कारण होय.

आम्ही स्वतःही या बाबतींत निर्दोष नाहीं. एका वर्षीं जानेवारींत मोठ्या निश्चयानें बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानांत पहाटे फिरावयास जाण्याचा आम्हीं आरंभ केला. थंडीचे दिवस, दाट झाडी, पांखरांचा किलबिलाट. उत्साहास तोटा नव्हता. पुढें जूनमध्यें पावसाची झड लागली व एक दिवस खाडा पडला. दुसऱ्या दिवशीं मन म्हणालें, ‘आतां नियम मोडलाच आहे; पाऊस संपल्यावर पाहूं.’ दिवाळी आली तरी आमचे बूट कोपऱ्यांतच होते.

संवय कशी जडते, याविषयीं लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील फिलिपा लॅली व त्यांचे सहकारी यांचें संशोधन २०१० सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत ९६ जणांनीं प्रत्येकीं एक नवी गोष्ट निवडून ती रोज ठराविक प्रसंगीं, जसें न्याहारीनंतर, करावयाची होती. ती अंगवळणीं पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात, असें दिसून आलें; कोणास १८ दिवस पुरतील, तर कोणास २५४ लागतील, असा अंदाज निघाला. पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टीपेक्षां व्यायामाची संवय जडण्यास अधिक काळ लागला. मात्र मध्येंच एखादा दिवस चुकल्यानें संवयीची घडण फारशी बिघडली नाहीं. म्हणजे आमचें नुकसान पावसानें केलें नव्हतें. ‘नियम मोडलाच आहे’ या विचारानें केलें होतें.

कंटाळा हा दुसरा शत्रु. १८९१ च्या हिवाळ्यांत अमेरिकेंतील स्प्रिंगफील्ड येथें यंग मेन्स ख्रिश्चन असोसिएशनच्या शिक्षणसंस्थेंतील तरुण त्याच त्या बंदिस्त कवायतीस विटले होते. त्यांचे शिक्षक जेम्स नेस्मिथ यांनीं सज्जाच्या कठड्यास दहा फूट उंचीवर फळांच्या टोपल्या टांगून त्यांत चेंडू टाकण्याचा खेळ काढिला. तोच आजचा बास्केटबॉल. विद्यार्थी तेच, जागा तीच. व्यायामाचें रूप मात्र पालटलें.

यावरून घ्यावयाचा बोध फार मोठा नाहीं. व्यायामाची वेळ रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीस बांधावी. दांत घासणें झालें, कीं लगेच व्यायाम. आरंभ थोडक्यांत करावा. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० सालीं प्रौढांस आठवड्यास निदान १५० मिनिटें मध्यम श्रमाचा व्यायाम सांगितला आहे. रोजच्या हिशेबानें तीं बावीस मिनिटेंही होत नाहींत. स्टेशनापर्यंतची वाट रिक्षाऐवजीं झपाझप पायीं तुडविली, तरी त्यांतील बराच भाग पुरा होतो. पावसाळ्याची तरतूद आधींच करावी. दंड व बैठका यांस चाळींतील खोलींतही चटईपुरती जागा पुरते. कंटाळा आला, तर व्यायाम सोडूं नये, प्रकार बदलावा. एखादा सोबती जोडावा. कोणी वाट पाहत आहे, या जाणिवेनें पाय आपोआप उंबऱ्याबाहेर पडतो. आणि एक दिवस चुकलाच, तर पश्चात्तापांत वेळ न दवडतां दुसऱ्या दिवशीं पुनः उभें राहावें.

गेल्या पावसाळ्यांत आम्हीं एका शेजाऱ्यासमवेत व्हरांड्यांत बैठका काढिल्या. खाडे पडले, पण क्रम तुटला नाहीं.

संत पौलानें करिंथ येथील मंडळीस लिहितांना शर्यतींत धांवणाऱ्याच्या संयमाचा दाखला दिला आहे. संयम म्हणजे एका दिवसाचा आवेश नव्हे. विद्यार्थिमित्रहो, शाळेची शिट्टी तुम्हांस आणखी थोडींच वर्षें ऐकूं येणार आहे. तोंवर ती आपल्या मनांत वाजविण्यास शिका, एवढेंच आमचें सांगणें आहे.