काबेसा दे वाकाच्या दोन कैफियती

परमुलखातून परतलेला सरदार बादशहापुढे सोने ठेवी, निदान एखादा नकाशा तरी ठेवी. परंतु आल्वार नून्येस काबेसा दे वाका या स्पॅनिश सरदाराने बादशहा पाचव्या चार्ल्सच्या पुढे ठेवली ती केवळ एक कैफियत (ती १५४२ साली सामोरा शहरी छापली गेली), आणि उघड्या अंगाने परतताना आपल्याला आणता आले ते एवढेच, असे तीत त्याने निःसंकोच कबूलही केले. (त्याच्या आडनावाचा अर्थ ‘गायीचे डोके’, असल्या आडनावांचे नवल निदान आपण मराठी माणसांनी तरी करू नये.)

पांफिलो दे नार्वाएसच्या फ्लोरिडा मोहिमेबरोबर तो १५२७ साली शाही खजिनदार म्हणून निघाला. जहाजे सोडून आत शिरू नये, हा त्याचा सल्ला धुडकावून नार्वाएस सुमारे ३०० माणसांनिशी अरण्यात घुसला, आणि उपासमार, रोगराई व तिरंदाजांचा मारा यांनी जर्जर होऊन किनाऱ्यावर आला, तो जहाजांचा मागमूस नव्हता. मग जे घडले ते मला साऱ्या मोहिमेहून विलक्षण वाटते. त्या जमावात सुतार एकच. तरी हरणाच्या कातड्याचा भाता करून रिकिबी तापवून ठोकल्या व त्यांचे खिळे केले, घोड्यांच्या शेपट्यांचे दोर वळले, अंगावरच्या सदऱ्यांची शिडे शिवली, दर तिसऱ्या दिवशी एक घोडा मारून खाल्ला आणि त्याच्या पायांच्या सोललेल्या कातड्याच्या पखाली केल्या. पाच नावा समुद्रात लोटल्या. पखाली वाटेतच कुजल्या. आत शिरलेल्यांपैकी अखेर वाचले ते चौघे, आणि त्यांत एस्तेबानिको नावाचा मोरोक्कोचा एक गुलाम होता.

पुढची वर्षे खजिनदारसाहेबांनी कधी मूळ रहिवाशांच्या गुलामीत, कधी शिंपले व गारगोट्या विकत फिरण्यात, तर कधी क्रूसाची खूण करून रोगी बरे करण्यात घालविली. १५३६ साली मेक्सिकोत सिनालोआकडे या चौघांना स्वदेशीय घोडेस्वार भेटले, ते गुलाम पकडण्याच्या कामगिरीवर होते. हे चौघे त्याच जातीचे, ही गोष्ट बरोबरच्या मूळ रहिवाशांना काही केल्या पटेना. हे आजाऱ्याला बरे करतात, ते धडधाकटाला मारतात, मग दोघे एक कसे, असा त्यांचा रोकडा सवाल होता.

हा सवाल मनात घेऊनच, असे मला वाटते, काबेसा दे वाका दक्षिण अमेरिकेतील रिओ दे ला प्लाताचा सुभेदार होऊन १५४० साली पुन्हा निघाला. सांता कातारीना किनाऱ्यावरून सुमारे २५० माणसे व २६ घोडे घेऊन, वाटेतील ग्वारानी लोकांना धान्याबद्दल चाकू, कात्र्या व गळ मोजून देत, इग्वासूच्या प्रपातावरून तो मार्च १५४२ मध्ये आसुन्सिओनला पोहोचला. तेथील वसाहतवाल्यांना ही मोजदाद मानवणारी नव्हती. फुकट राबणाऱ्या माणसांवर ज्यांचे संसार उभे, त्यांना असा सुभेदार म्हणजे घरात आलेली जप्तीच. शिवाय तेथला तोवरचा कारभारी दोमिंगो दे इराला याचा कारभार त्याच्या आगमनाने गेला होता. नदीच्या वरच्या प्रदेशातील मोहीम फसून सुभेदार तापाने अंथरुणाला खिळला होता, तोच एप्रिल १५४४ मध्ये शाही अंमलदारांनीच त्याला कैद केले. पुढल्या वर्षी स्पेनला पाठविले. १५५१ साली इंडीज परिषदेने त्याचे हुद्दे काढून घेतले.

१५५५ साली बायादोलिदला फ्लोरिडाची पहिली आणि या सुभेदारीची दुसरी, अशा दोन्ही कैफियती एकत्र छापल्या गेल्या. दुसरी लिहिणारा त्याचा चिटणीस पेरो एर्नांदेस. तीत नोंद आहे की, कैदी सुभेदाराला नेणाऱ्या गलबताच्या एका जाड लाकडात, आतून कोरून, त्याच्या मित्रांनी त्याच्या बाजूचे कागद मेणकापडात गुंडाळून दडविले होते.