बालमनाचे संशोधक : मायकेल रटर

शरीराला झालेली जखम डोळ्यांना दिसते. मनाला झालेली जखम दिसत नाही. ती लहान मुलाच्या मनाला झालेली असेल, तर ती ओळखणे अधिकच कठीण. कारण आपल्याला काय होते आहे, हे सांगण्यास त्याच्यापाशी शब्द नसतात. त्यामुळे पुष्कळ काळपर्यंत मोठी माणसे मुलांविषयी केवळ अनुमाने करीत आली आणि ती अनुमानेच सत्य म्हणून रूढ झाली. अशी अनुमाने प्रत्यक्ष निरीक्षणाच्या कसोटीवर घासून पाहण्याचे कार्य ज्यांनी जन्मभर केले, त्यांत इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ मायकेल रटर यांचे स्थान फार वरचे आहे.

रटर यांचा जन्म १५ ऑगस्ट १९३३ रोजी लेबनॉनमध्ये झाला. त्यांचे वडील तेथे डॉक्टर होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४० साली, सुरक्षिततेसाठी त्यांना व त्यांच्या धाकट्या बहिणीला अमेरिकेस पाठविण्यात आले. आईवडिलांपासून दूर, परक्या कुटुंबात त्यांची काही वर्षे गेली. पुढे बर्मिंगहॅम विद्यापीठातून वैद्यकशास्त्राची पदवी घेऊन ते लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात मनोविकारांचा अभ्यास करू लागले. १९७३ साली ते लंडनच्या मनोविकारशास्त्र संस्थेत प्राध्यापक झाले. बालमनोविकारशास्त्राचे ते ब्रिटनमधील पहिलेच प्राध्यापक होत.

रुग्णालयात येणाऱ्या मुलांवरून सर्व मुलांविषयी निष्कर्ष काढणे योग्य नव्हे, हे रटर यांनी जाणले होते. म्हणून १९६४-६५ साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर दहा-अकरा वर्षांच्या दोन हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. पालक व शिक्षक यांच्याकडून माहिती घेतली, तसेच खुद्द मुलांशीही ते बोलले. शंभरांतील सहा-सात मुले मनोविकाराने त्रस्त होती आणि त्यांपैकी बहुतेकांवर कोणतेही उपचार चालू नव्हते, असे आढळून आले. मुलाला विश्वासात घेऊन नीट विचारले, तर ते आपल्या मनाची स्थिती पुष्कळ अंशी सांगू शकते, हेही या पाहणीने दाखविले.

त्या काळी आईपासून झालेली ताटातूट हेच मुलांच्या मानसिक दुःखाचे मूळ मानले जात असे. १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रटर यांनी या मताची चिकित्सा केली. ताटातुटीपेक्षा घरातील सततचा कलह पुष्कळदा अधिक अपाय करतो. तसेच वडील, आजी किंवा दुसरे कोणी मायेचे माणूस यांचा आधारही मुलाला तारू शकतो, असे त्यांनी दाखवून दिले.

ज्या मुलांना इतरांशी बोलणे व मिसळणे कठीण जाते, अशा स्वमग्न मुलांच्या मातांना तर फारच दोष दिला जाई. आईने माया केली नाही म्हणून मूल असे झाले, असे काही तज्ज्ञही म्हणत. १९७७ साली सुसान फोलस्टीन व रटर यांनी जुळ्या भावंडांच्या २१ जोड्या तपासल्या. प्रत्येक जोडीतील निदान एक मूल स्वमग्न होते. एकरूप जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न निघाली. भिन्नरूप जुळ्यांच्या १० जोड्यांत अशी एकही जोडी नव्हती. जुळी भावंडे एकाच आईच्या हाताखाली वाढतात. परंतु आनुवंशिक गुण संपूर्णपणे समान असतात ते एकरूप जुळ्यांचेच. यावरून या विकाराचे मूळ आनुवंशिकतेत आहे, आईच्या वागण्यात नव्हे, हे स्पष्ट होऊ लागले. कित्येक मातांच्या मस्तकावरील अकारण कलंक त्यामुळे पुसला गेला.

शाळेचा मुलांवर विशेष परिणाम होत नाही, सर्व काही घरावरच अवलंबून असते, हाही एक समज होता. वयाच्या पाचव्या वर्षापासून शाळा सोडीपर्यंत मूल सुमारे १५,००० तास शाळेत घालविते. त्याच नावाचा ग्रंथ रटर यांनी सहकाऱ्यांसह १९७९ साली प्रसिद्ध केला. लंडनमधील १२ शाळांचा अभ्यास करता, सारख्याच परिस्थितीतील मुले एका शाळेत चांगली घडतात, तर दुसरीत मागे पडतात, असे दिसून आले. इमारत नवी की जुनी, यावर हे अवलंबून नव्हते. जेथे तास वेळेवर सुरू होत, गृहपाठ तपासला जाई, चांगल्या कामाचे कौतुक होई आणि मुलांवर जबाबदारी सोपविली जाई, तेथील मुले पुढे जात.

१९८९ साली रुमानियातील राजवट कोसळली, तेव्हा तेथील अनाथालयांची भीषण अवस्था जगापुढे आली. उपाशी, आजारी, कोणी जवळ न घेतलेली बालके तेथे पडून होती. त्यांतील अनेकांना ब्रिटनमधील कुटुंबांनी दत्तक घेतले. रुमानियातून आलेल्या १६५ मुलांचा अभ्यास रटर व त्यांचे सहकारी अनेक वर्षे करीत राहिले. प्रेमळ घर मिळताच ही मुले झपाट्याने सुधारली. सहा महिन्यांचे होण्यापूर्वी जी बाहेर पडली, त्यांच्यापैकी बहुतेकांवर कायमची खूण राहिली नाही. अधिक काळ तेथे राहिलेल्या पुष्कळ मुलांच्या अडचणी मात्र मोठेपणीही टिकल्या. तथापि, त्यांच्यापैकीही सुमारे एकपंचमांश मुले अशा अडचणींपासून मुक्त राहिली.

रटर यांना १९९२ साली ‘सर’ हा किताब मिळाला. २३ ऑक्टोबर २०२१ रोजी त्यांचे निधन झाले. बालपणीचे दुःख आपोआप विरून जाते, हे जसे खरे नाही, तसेच ते जन्माचे प्राक्तन ठरते, हेही खरे नाही. मदतीचा हात किती लवकर मिळतो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. आणि तो हात देणे मोठ्यांच्या स्वाधीन असते.