उताऱ्याचा आलेख वाचताना

अहवालातला आलेख पाहून काही सभासद बंधू विचारतात, "उतारा एवढा कसा हो पडला?" म्हणून हा खुलासा.

समजा, गेल्या हंगामात उतारा ११.२ टक्के होता, यंदा १०.९. खांबांची पट्टी शून्याऐवजी १०.८ पासून सुरू केली, तर गेल्या सालचा खांब यंदाच्या चौपट उंच दिसतो. डोळा आधी उंची बघतो, बाजूचे आकडे मागाहून. खरा फरक टनामागे ३ किलो साखरेचा. तोही थोडाथोडका नव्हे बरं का! ५ लाख टन गाळपावर १५,००० क्विंटल होतात, आणि ऊसदर उताऱ्याशी बांधलेला आहे. जागा वाचवण्यासाठी पट्टी कापायची खोड आम्हा छापणाऱ्यांचीच.

पंधरवड्यागणिक उताऱ्याची रेघ मात्र शून्यापासून काढली तर सपाटच दिसेल. तिथे चाल बघायची: थंडीत चढ, उन्हं तापली की घसरण. अशी रेघ मधूनच सुरू झाली तर बिघडत नाही.

खर्चाच्या वाटोळ्या चित्राचे आम्हांस फारसे कौतुक नाही. कोनापेक्षा एकाच पट्टीवरच्या जागेचा अंदाज माणसाला जास्त अचूक येतो, असे क्लीव्हलँड व मॅकगिल या अमेरिकी संशोधकांना १९८४ साली आढळले. तोडणी-वाहतुकीचा तुकडा मोठा की पगाराचा, अशी शंका आली तर सरळ खालचा तक्ता बघावा.