‘निष्क्रिय’ रक्तनमुने : हाताळणीतील दक्षता

साथीच्या रोगाचे अचूक निदान हे रोगनियंत्रणाचे पहिले पाऊल होय. १९५७ मध्ये आजच्या कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात प्रथम ओळखला गेलेला क्यासनूर जंगलरोग, म्हणजेच माकडताप, २०१६ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात आढळला. अशा रोगाचे निदान रुग्णाच्या रक्तावरून केले जाते. परंतु ज्या रक्तात निदानाची खूण असते, त्याच रक्तात जिवंत विषाणूही असू शकतो. तपासणाऱ्यास त्याची बाधा होऊ नये, यास्तव अनेक चाचण्यांपूर्वी नमुन्यातील विषाणू निष्क्रिय केला जातो.

निष्क्रिय करणे म्हणजे काय?

विषाणू केवळ जिवंत पेशीत शिरूनच आपली संख्या वाढवू शकतो. ही क्षमता हिरावून घेणे म्हणजे त्याला निष्क्रिय करणे. असे केल्यानंतरही त्याची प्रथिने किंवा जनुकद्रव्य चाचणीपुरते ओळखता येते. त्यासाठी उष्णता, फॉर्मॅलिनसारखी रसायने, पेशी विरघळविणारी द्रावणे किंवा गॅमा किरण वापरतात.

मात्र सर्व विषाणूंना एकच उपाय लागू पडत नाही. माकडतापाच्या विषाणूभोवती मेदयुक्त आवरण असते; अपमार्जक द्रव्याने ते फाटते. पोलिओच्या विषाणूला असे आवरणच नसल्याने त्यावर हा उपाय चालत नाही. रक्तद्रव ५६ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापविण्याची पद्धत प्रयोगशाळांत रूढ आहे. तथापि तेवढ्याने प्रत्येक विषाणू नष्ट होतोच असे नाही.

१९५५ चा धडा

या बाबतीत अमेरिकेतील १९५५ ची दुर्घटना उद्‌बोधक आहे. फॉर्मॅलिनने विषाणू निष्क्रिय करून बनविलेल्या पोलिओ लसीच्या काही साठ्यांत जिवंत विषाणू शिल्लक राहिला होता. हे साठे कॅलिफोर्नियातील कटर प्रयोगशाळेत तयार झाले होते. त्यामुळे सुमारे २०० जणांना पक्षाघात झाला व १० जण दगावले. पेशींच्या अवशेषांत व गुठळ्यांत दडलेल्या विषाणूपर्यंत रसायन नीट पोहोचले नव्हते. रक्तातही गुठळ्या असतात. नळीच्या बुचाला चिकटलेला थेंब रसायनापासून वा उष्णतेपासून दूर राहतो. म्हणून द्रव नीट मिसळणे, ठरलेला वेळ पाळणे आणि प्रक्रियेनंतर नमुना स्वच्छ नळीत काढून घेणे आवश्यक ठरते.

एखादी पद्धत खरोखर परिणामकारक आहे की नाही, हे ती वापरात आणण्यापूर्वी सिद्ध करावे लागते. प्रक्रिया केलेला नमुना जिवंत पेशींवर पुन्हा पुन्हा वाढवून पाहतात. विषाणू वाढला नाही, तरच ती पद्धत विश्वसनीय मानली जाते.

हाताळणीचे नियम

एका विषाणूसाठी निष्क्रिय केलेल्या रक्तात दुसरा विषाणू असू शकतो. कावीळ ‘ब’ चा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. म्हणून प्रत्येक रक्तनमुना संसर्गजन्य समजूनच हाताळावा, हे मूलभूत सूत्र आहे. हातमोजे, अंगरखा व डोळ्यांचे संरक्षण ही साधने वापरावीत. पिपेट तोंडाने कधीही ओढू नये. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती न भोसकता येणाऱ्या डब्यात टाकावी. तुषार उडण्याचा संभव असलेली कामे जैवसुरक्षा कपाटात करावीत. कर्मचाऱ्यांना कावीळ ‘ब’ ची लस दिलेली असावी.

रक्त सांडल्यास त्यावर शोषक कागद टाकून सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण ओतावे व पुरेसा वेळ थांबून मगच ते पुसावे. मात्र पेशी विरघळविणाऱ्या ज्या द्रावणांत ग्वानिडीन असते, त्यांत हायपोक्लोराइट मिसळल्यास विषारी वायू निर्माण होतो. ही बाब प्रत्येक तंत्रज्ञास ठाऊक असली पाहिजे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार प्रयोगशाळेतील कचरा व रक्तनमुने यांवर जागीच निर्जंतुकीकरणाची प्रक्रिया करून मगच ते बाहेर पाठवावयाचे असतात.

नमुना दुसरीकडे पाठविताना घट्ट बंद नळी, भोवती शोषक कापूस, न गळणारे दुसरे पात्र व बाहेरून मजबूत खोका असे तिहेरी वेष्टन करावे. निष्क्रिय करण्याची पद्धत, दिनांक आणि ती करणाऱ्याची सही सोबतच्या कागदावर नोंदवावी. अशी नोंद नसलेला नमुना जिवंत विषाणूचाच समजावा.

सामूहिक जबाबदारी

ही दक्षता केवळ मोठ्या शहरांतील संस्थांपुरती नाही. नमुन्याचा प्रवास पुष्कळदा प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच सुरू होतो. तेथे हातमोजे, सुयांसाठी डबे व जंतुनाशक यांचा पुरवठा अखंड राहतो की नाही, हे अधिकाऱ्यांनी व पंचायत सदस्यांनी आवर्जून पाहावे. वापरलेल्या सुया व नळ्या उघड्यावर आढळल्यास त्यांना हात न लावता आरोग्य केंद्रास कळवावे, हे शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवावे. ‘निष्क्रिय’ हा शब्द चिठ्ठीवर लिहिणे सोपे आहे. तो खरा ठरविणे हे मात्र तपासलेल्या पद्धतीचे आणि शिस्तबद्ध हातांचे काम आहे.