चॅम्पियन झालात? आता टीम मोडा!

समजा, तुमच्या टीमने वर्षातला सगळ्यात मोठा प्रोजेक्ट मारला. पार्टी झाली, फोटो निघाले. आणि सहा महिन्यांनी मॅनेजमेंटने त्यातल्या महत्त्वाच्या माणसांना जाऊ दिलं. कारण काय, तर पुढच्या वर्षी आणखी मोठं नाव येणार आहे! डोकं फिरेल की नाही? एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या प्रोफेशनल बास्केटबॉल लीगमध्ये, २०११ साली नेमकं हेच झालं. टीमचं नाव डॅलस मॅव्हरिक्स.

फायनलला समोर होती मायामी हीट. लेब्रॉन जेम्स, ड्वेन वेड आणि ख्रिस बॉश, तीन सुपरस्टार्स एकाच टीममध्ये. डॅलस पहिल्या तीन मॅचेसनंतर १-२ ने मागे होती, पण शेवटी सिरीज ४-२ ने खिशात टाकली. या सहाही मॅचेस मी अलीकडे सलग पाहिल्या, वही-पेन घेऊन. तर हे माझं रिपोर्ट कार्ड.

डर्क नोवित्स्की : पैकीच्या पैकी. सरासरी २६ पॉइंट्स. चौथी मॅच तापाने फणफणलेला असताना खेळला. शेवटच्या मॅचच्या पहिल्या हाफमध्ये १२ प्रयत्नांत एकच बास्केट, तरी शेवटी खात्यात २१. एमव्हीपी दुसरा कोण असणार?

जेसन टेरी : डिस्टिंक्शन. बेंचवरून येऊन शेवटच्या मॅचमध्ये २७ पॉइंट्स!

जे. जे. बारिया : फर्स्ट क्लास. एनबीएच्या मानाने अगदीच बुटका. पण कोच रिक कार्लाइलने चौथ्या मॅचपासून त्याला सुरुवातीच्या पाच जणांत घेतलं आणि पुढच्या तिन्ही मॅचेस डॅलसने जिंकल्या.

आणि टायसन चँडलर? सात फूट एक इंच उंची, पण पॉइंट्सच्या रकान्यात जेमतेम. त्याचं काम बास्केटखाली पहारा देण्याचं. चौथ्या मॅचमध्ये त्याने १६ रिबाउंड्स घेतले. त्यातले नऊ डॅलसचाच नेम चुकल्यावर! म्हणजे नऊ वेळा हातचा गेलेला बॉल त्याने परत मिळवून दिला. ती मॅच डॅलसने ८६-८३ अशी, फक्त तीन पॉइंट्सनी जिंकली. आता बोला.

डिसेंबर २०११ मध्ये याच चँडलरला डॅलसने न्यूयॉर्क निक्सकडे जाऊ दिलं. बारिया मिनेसोटाला गेला. मालक मार्क क्यूबन काही वेडा नव्हता. त्या वर्षीच्या लॉकआउटनंतर नवे नियम आले होते, पगारावर जादा खर्च करणाऱ्या टीम्सना जबर टॅक्स बसणार होता. चँडलरला हवं होतं लांबचं कॉन्ट्रॅक्ट. त्यापेक्षा पैसे राखून ठेवू आणि २०१२ च्या उन्हाळ्यात डेरॉन विल्यम्ससारखा स्टार आणू, असा हिशेब होता. कागदावर एकदम परफेक्ट!

प्रत्यक्षात काय झालं? २०१२ च्या पहिल्याच राउंडमध्ये ओक्लाहोमा सिटीने डॅलसला ४-० ने घरी पाठवलं. डेरॉन विल्यम्स आलाच नाही, तो नेट्सकडेच राहिला. टेरी आणि जेसन किड हेही त्याच उन्हाळ्यात बाहेर पडले. आणि चँडलर? २०११-१२ चा लीगमधला सर्वोत्तम डिफेन्डर ठरला, निक्सच्या जर्सीत.

माझं मत विचाराल तर बारियाला जाऊ देणं एक वेळ पटतं. तीन झकास मॅचेसवर चार वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट देणं म्हणजे जुगारच. पण चँडलरची गोष्ट वेगळी. त्याचा खेळ लकी नव्हता, तो रोजच्या मॅचला तसाच खेळायचा. त्याच्या बदल्यात डॅलसने काय घेतलं? एक आशा. तीसुद्धा अशा वेळी, जेव्हा नोवित्स्की ३३ वर्षांचा झाला होता आणि त्याच्याकडे वाट बघायला वेळ नव्हता.

२०१४ मध्ये डॅलसने चँडलर आणि बारिया, दोघांनाही परत आणलं. तोवर नोवित्स्की ३६ चा झाला होता, आणि पहिल्या राउंडमध्ये ह्यूस्टनने त्यांना ४-१ ने हरवलं. २०१९ मध्ये तो रिटायर झाला. २०११ नंतर त्याला प्लेऑफ्समधली एकही सिरीज जिंकता आली नाही. त्या मॅनेजमेंटला किती मार्क द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.