नदीच्या वाट्याचं पाणी

माझं आजोळ पाटणचं. नदीवर निघालो की नानी बजावायची, "बेटा, भोंगा झाला की आधी वर यायचं." धरणाआधीची कोयना मी पाहिलेली नाही. मी पाहिली ती भोंग्यावर चढणारी-उतरणारी नदी.

क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी, हे माझ्यासारख्या बी.ए. झालेल्या कवीला उशिराच कळलं. कोयनाकाठी मात्र हा शब्द भाजीवालीलाही ठाऊक! शिवाजीसागरात १०५ टीएमसी पाणी मावतं. बच्छावत लवादानं त्यातलं ६७.५ टीएमसी पश्चिमेला, विजेसाठी दिलं. ते वाशिष्ठीला मिळतं. पूर्वेला, म्हणजे नदीच्या मूळ वाटेनं, पावसाळा सरला की पाणी येतं ते शेतीच्या आणि नळाच्या मागणीप्रमाणे. पायथा वीजगृहाचा एक संच चालला की १०५० क्युसेक, दोन्ही चालले की २१००. २०२३ साली धरण पुरतं भरलं नाही, सांगलीत कृष्णा कोरडी पडली, आणि पाण्यावरून वाद झाला. त्या वादात शेतकरी होते, शहर होतं, वीज होती. मासा नव्हता.

माशाला नुसतं पाणी पुरत नाही, वेळही लागते. पहिल्या पुराचं गढूळ पाणी चढलं की कितीतरी मासे अंडी घालायला निघतात. पाणी एका रात्रीत चढून दुसऱ्या रात्री ओसरलं, तर अंडी आणि पिल्लं काठच्या डबक्यात अडकून सुकतात. शिवाय धरण गाळ अडवतं, त्यामुळं खालची वाळू वाहून जाते आणि नवी येत नाही. अमेरिकेत कोलोरॅडो नदीवर हेच झालं. तिथं १९९६च्या मार्चमध्ये ग्लेन कॅनियन धरणातून सात दिवस ४५ हजार क्युसेक पाणी मुद्दाम सोडलं, वाळूचे काठ पुन्हा बांधायला.

आपल्याकडं एवढा पूर कुणी मागत नाही. २००५ आणि २०१९ सांगली विसरलेली नाही. पण उन्हाळ्यात पात्र ओलं राहील एवढी धार? मी कागदावर हिशेब केला. २०० क्युसेक, २०० दिवस : साडेतीन टीएमसीच्या आत. एवढ्या बारीक धारेवर मोठा संच चालत नाही. ती वेगळ्या दारातून सोडावी लागेल, तेवढी वीज बुडेल. पाणी मात्र बुडत नाही. कऱ्हाडला प्रीतिसंगमावरून ते कृष्णेत जातं, पुढं टेंभूच्या बंधाऱ्यात आणि सांगलीच्या नळात येतंच.