चिठ्ठीत खरं लिहिता आलं पाहिजे!

दोस्तांनो, शाळेत दिलेली रजेची चिठ्ठी आठवून बघा बरं! ‘माझा पाल्य काल तापाने आजारी असल्यामुळे शाळेत येऊ शकला नाही, तरी कृपया त्याची रजा मंजूर करावी.’ खाली आईची नाहीतर बाबांची सही. ताप, पोटदुखी, घरचं लग्न, गावची जत्रा... ठरलेली चार-पाच कारणं या चिठ्ठ्यांतून आलटून पालटून येत असतात. त्यातल्या पोटदुखीचं तर विचारूच नका! चाचणी परीक्षेच्या दिवशीच नेमकी कितीजणांची पोटं दुखतात!

पण कधीकधी पोट दुखत नसतं, अंगात ताप नसतो आणि तरीही शाळेत जायचं त्राण नसतं. रात्रभर झोप लागलेली नसते. छातीत धडधडत असतं. मधल्या सुट्टीत चिडवणारी मुलं डोळ्यांपुढे येतात. किंवा कारण असं काहीच सापडत नाही, नुसतं रडू येत राहतं. अशा दिवशी चिठ्ठीत काय लिहायचं? ‘माझ्या मुलीचं मन बरं नव्हतं’ असं लिहिलेली चिठ्ठी तुम्ही कधी पाहिलीय का?

अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यातल्या काही शाळकरी मुलामुलींना हाच प्रश्न पडला. त्यांनी तो थेट राज्याच्या विधिमंडळापुढे नेला आणि चक्क कायदा बदलून घेतला! कसा? ऐका तर मग.

शिबिरात सुचलेली कल्पना

ऑरेगन हे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं, पॅसिफिक महासागराला लागून असलेलं राज्य. आकाराने आपल्या महाराष्ट्रापेक्षा थोडं लहान, पण वस्ती अगदी विरळ. साऱ्या राज्यात मिळून माणसं सुमारे ४२ लाख! सेलम ही त्याची राजधानी.

२०१८ च्या उन्हाळ्यात तिथल्या शाळांमधले विद्यार्थी प्रतिनिधी एका शिबिराला जमले होते. त्याच वर्षी फेब्रुवारीत फ्लोरिडा राज्यातल्या पार्कलंड इथे एका शाळेत गोळीबार होऊन १७ जणांचा जीव गेला होता. त्यानंतर तिथल्या मुलांनी मोठी चळवळ उभी केली आणि मोठ्यांना जाब विचारला. ते पाहून देशभरातल्या मुलांना धीर आला होता. ऑरेगनची मुलंही आपसात बोलू लागली. आपल्या शाळांमध्ये सगळ्यांत मोठा प्रश्न कोणता? बोलता बोलता एकच गोष्ट पुढे आली. कितीतरी मुलं मनातून खचलेली असतात, घाबरलेली असतात आणि कुणाला सांगत नाहीत.

हेली हार्डकॅसल ही त्यांच्यातली एक मुलगी. ती लहानपणापासून काळजीने पोखरून जायची. पुढे कळलं, की हा नुसता स्वभाव नव्हे, तर चिंतेचा आणि नैराश्याचा आजार आहे. तिच्या आईने तिच्याशी एक करार केला होता. अभ्यास नीट चालू असेल तर प्रत्येक सत्रात तीन दिवस मनाच्या विश्रांतीसाठी घरी राहायला परवानगी! हेली पुढे जाहीर व्याख्यानात ही गोष्ट मोकळेपणाने सांगू लागली. तिचं म्हणणं असं, की मला अशी आई मिळाली, पण सगळ्यांच्या घरी असं कुठे असतं?

काही शब्दांची भर

कायदा बदलणं म्हणजे खायचं काम नव्हे! मुलांनी आधी विधेयकाचा मसुदा तयार केला. विधेयक म्हणजे होऊ घातलेला कायदा. मग आमदारांना गाठायचं, आपलं म्हणणं त्यांना पटवायचं, सेलमला जाऊन बाजू मांडायची. दोन्ही सभागृहांनी हे विधेयक मंजूर केलं आणि जून २०१९ मध्ये गव्हर्नर केट ब्राउन यांची त्यावर सही झाली. १ जुलै २०१९ पासून कायदा लागूही झाला. हेली तेव्हा १८ वर्षांची होती.

एवढा खटाटोप करून कायद्यात बदल झाला तो किती? जेमतेम काही शब्दांचा! विद्यार्थी आजारी असेल तर त्याची गैरहजेरी माफ करावी, हे आधीपासून कायद्यात होतंच. आता त्या ‘आजारी’ शब्दाच्या पुढे ‘मानसिक आणि वर्तनविषयक आरोग्य धरून’ अशा अर्थाची भर पडली. दिवसांची मर्यादा आधीसारखीच राहिली, तीन महिन्यांच्या सत्रात जास्तीत जास्त पाच. रजा माफ करायची की नाही, हे ठरवणार मुख्याध्यापक किंवा शिक्षकच. म्हणजे मुलांना नव्या सुट्ट्या मिळाल्याच नाहीत. मिळालं ते एवढंच, की दुखणं मनाचं असेल तर तसं लिहिता येऊ लागलं.

मग ‘दांडी’ मारणाऱ्यांचं काय?

आता तुमच्या घरी हा लेख वाचणारे आईबाबा म्हणत असतील, ‘छान! म्हणजे दांडी मारायला आणखी एक कारण!’ अहो, ऑरेगनमध्येही लोक असंच म्हणाले. त्या राज्यात मुलांच्या गैरहजेरीचा प्रश्न आधीच गंभीर होता. काही पालकांनी विचारलं, ‘मुलं आत्तासुद्धा खोटं आजारपण सांगून घरी राहतातच, मग वेगळा कायदा कशाला?’

यावर हेलीचं उत्तर मोठं मार्मिक होतं. आईबाबांशी आणि शिक्षकांशी खोटं बोलायला आपण मुलांना उत्तेजन का द्यायचं? मूल खरं बोललं तर त्याच्याशी बोलता तरी येईल, त्याला मदत तरी मिळेल.

विचार करून बघा. ‘पोट दुखतंय’ म्हटलं की आई ओव्याचं पाणी देते. ओवा औषध खरा, पण पोटाचा! मनातल्या भीतीला त्याचा काय उपयोग? दुखणं एकीकडे आणि औषध भलतीकडे, असं झालं तर बरं कसं वाटणार?

पण आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. नुसतं घरी राहिल्याने मन बरं होत नाही. उलट ज्या गोष्टीची भीती वाटते ती टाळत गेलं, की भीती वाढतच जाते, असं मानसोपचारतज्ज्ञ सांगतात. एक दिवस घरी राहिलं की दुसऱ्या दिवशी शाळेची पायरी आणखी उंच वाटते. म्हणून त्या एका दिवसात काय होतं याला महत्त्व आहे. अंथरुणात तोंड खुपसून दिवस गेला तर तो वायाच. पण त्या दिवशी कुणीतरी शेजारी बसून ‘काय होतंय, सांग ना’ असं विचारलं, तर तो दिवस सार्थकी लागला.

इलिनॉय राज्याने २०२१ मध्ये असाच कायदा केला तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवली. तिथे जानेवारी २०२२ पासून मुलांना वर्षात असे पाच दिवस घेता येतात, डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागत नाही. पण दुसऱ्यांदा अशी रजा घेतली, तर शाळा त्या मुलाला समुपदेशकासारख्या मदत करणाऱ्या माणसाकडे पाठवू शकते. शिक्षा म्हणून नाही हं, विचारपूस म्हणून!

एक बाक, एक युक्ती

तुम्ही म्हणाल, ‘आम्ही काय, अजून सातवी-आठवीत! कायदे-बियदे कुठून करणार?’ मग आता एका लहानग्याची गोष्ट ऐका.

पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या यॉर्क इथला ख्रिश्चन बक्स प्राथमिक शाळेत होता. त्याच्या घरचे तेव्हा जर्मनीला राहायला जायच्या विचारात होते. तिथल्या एका शाळेच्या माहितीपत्रात त्याला एका बाकाचं चित्र दिसलं. खेळायला सोबती नसेल त्याने त्या बाकावर जाऊन बसायचं. कुणीतरी येतं, विचारतं, ‘खेळायला येतोस?’ जर्मनीला जाणं काही झालं नाही, पण बाक ख्रिश्चनच्या डोक्यात बसला! आपल्याही शाळेच्या मैदानावर काही मुलं एकटीच उभी असतात, हे त्याने पाहिलं होतं. त्याने मुख्याध्यापकांना ही कल्पना सांगितली आणि २०१३ मध्ये शाळेत ‘बडी बेंच’, म्हणजे दोस्तीचा बाक, आला. वर्तमानपत्रात बातमी छापून आली आणि बघता बघता देशोदेशीच्या शाळांनी असे बाक ठेवले.

ऑरेगनचा कायदा काय किंवा हा बाक काय, दोन्हींत एक साम्य तुमच्या लक्षात आलं का? ‘मला बरं वाटत नाहीये’ हे सांगणं सगळ्यांत कठीण असतं. या मुलांनी ते थोडं सोपं करून दिलं.

आपल्याकडे काय?

हा प्रश्न काही अमेरिकेतच नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की जगातल्या १० ते १९ वर्षांच्या दर ७ मुलांपैकी एकाला मनाचा कुठला ना कुठला आजार असतो. भारतात २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यात १३ ते १७ वर्षांच्या मुलांमध्ये हे प्रमाण ७.३ टक्के आढळलं. साठ मुलांच्या वर्गाचा हिशेब करा बरं. चारजण तरी झाले ना? ते आपल्याच बाकांवर बसतात, आपल्याबरोबरच डबा खातात. वेळेवर मदत मिळाली तर यातली पुष्कळ मुलं बरी होतात. दडवून ठेवलं तर मात्र दुखणं वाढतं, आणि कधीकधी ते जिवावरही बेततं.

आपल्या देशात २०१७ साली मानसिक आरोग्याचा नवा कायदा झाला आणि मे २०१८ पासून लागू झाला. मनाच्या आजारावर उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे, असं तो सांगतो. त्याआधी जानेवारी २०१४ मध्ये ‘राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला. त्यात गावागावांतल्या मुलामुलींनाच प्रशिक्षण देऊन ‘साथी’ बनवायचं ठरलं, साधारण हजार वस्तीमागे दोन मुलगे आणि दोन मुली. त्यांनी आपल्या वयाच्या मुलांशी बोलायचं. कशाबद्दल? आहार, व्यसनं, अपघात यांच्याबरोबर मनाच्या आरोग्याबद्दलही! का बरं? मोठ्यांना न सांगितलेली गोष्ट मुलं आधी दोस्ताला सांगतात, म्हणून.

दोस्ताने काय करायचं?

समजा, उद्या तुमच्या मैत्रिणीने तुम्हाला असं काही सांगितलं. तर तुम्ही डॉक्टर व्हायला जाऊ नका. ‘एवढंच ना? सोड की!’ असंही म्हणू नका. गप्प बसून ऐका. ‘तू सांगितलंस ते बरं केलंस’ एवढं म्हणा. आणि मग तिच्यासोबत एखाद्या विश्वासाच्या मोठ्या माणसाकडे जा. आई, मावशी, आजोबा, वर्गशिक्षिका, शाळेतले समुपदेशक, कुणीही चालेल. पहिल्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याकडे जा.

एक नियम मात्र पक्का लक्षात ठेवा. दोस्ताचं गुपित राखायचं असतं हे खरं, पण तो स्वतःच्या जिवाला इजा करण्याबद्दल बोलला, किंवा कुणी त्याला त्रास देत असेल, तर ते गुपित राहत नाही. ते ताबडतोब मोठ्यांना सांगायचं. ही चहाडी नव्हे. पाण्यात बुडणाऱ्यासाठी हाका मारणं याला कुणी चहाडी म्हणतं का?

आणि आईबाबा, तुमच्यासाठीही थोडं. मूल ‘शाळेत जायचं नाही’ म्हणालं तर ‘नाटकं करू नकोस’ असं म्हणायच्या आधी पाच मिनिटं त्याच्याजवळ बसा. कदाचित ते नाटक असेलही. पण नसलं तर?

१० ऑक्टोबर हा जागतिक मानसिक आरोग्य दिन. १९९२ पासून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशी परिपाठात दहा मिनिटं मागून घ्या. भाषण नको, घोषणा नकोत. वर्गात एकच प्रश्न मांडा, ‘आपल्या शाळेत एखाद्याचं मन बरं नसेल तर त्याने कुणाकडे जायचं?’ उत्तर मिळालं तर ते फळ्यावर लिहून ठेवा. उत्तर मिळालं नाही, तर मुख्याध्यापकांकडे जायची वेळ झाली म्हणून समजा!

चौकट : हे नंबर लिहून ठेवा

१०९८ : मुलांसाठीची मदतवाहिनी. १९९६ साली मुंबईत सुरू झाली, आता देशभर चालते. मूल स्वतः फोन करू शकतं.

१४४१६ : ‘टेली-मानस’. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू. मनाच्या तक्रारींबद्दल मराठीतही बोलता येतं.

दोन्हीकडे फोन करायला पैसे पडत नाहीत. दोन्ही दिवसरात्र चालू असतात.